वेल कापून जंगल वाचत नाही

काझिरंगाच्या गवताळ पट्ट्यात, नेपाळमधील चितवनच्या नदीकाठच्या रानात, केरळच्या सागवान लागवडींत आणि कोडगूच्या कॉफीमळ्यांच्या बांधांवर आज एकच वेल माजलेली दिसते. बदामी आकाराची पाने, झुपक्यांनी येणारी बारीक पांढुरकी फुले आणि दिसेल त्या आधारावर चढत जाणारे नाजूक खोड, असे तिचे रूप. नाव मिकानिया मायक्रांथा, मूळ गाव मध्य व दक्षिण अमेरिका. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने काढलेल्या जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परकीय प्रजातींच्या यादीत तिचा समावेश आहे. केरळातले शेतकरी तिला ‘धृतराष्ट्र पच्चा’ म्हणतात. तिची मिठी पडलेले झाड सहसा सुटत नाही. अशा वेलीबद्दल बोलताना आपल्याकडे एकच भाषा वापरली जाते: बाहेरचा शत्रू जंगलात घुसला आहे, माणसे लावा आणि उपटून काढा. ही भाषा ऐकायला ठाम वाटते, पण तिच्यामुळे पैसा आणि श्रम वाया जातात, असे माझे म्हणणे आहे. वेल जंगलाचा जीव घेते हे खरेच. मात्र ती बहुतेक ठिकाणी आत शिरते ती आपण उघडलेल्या वाटेने. रस्ता, खाण, वीजवाहिनी, लागवड यांसाठी आपण जंगलाच्या छताला भोके पाडतो, कडा वाढवतो आणि त्या कडांवर वेल वस्ती करते. कडा तशाच उघड्या ठेवून वेल कापत राहणे म्हणजे दरवर्षी तेच काम नव्याने विकत घेणे होय.

आधी ही वेल नेमके काय करते ते पाहिले पाहिजे. झाडाला उंची गाठायची तर वर्षानुवर्षे लाकूड बांधावे लागते, खोड जाड करावे लागते, वाऱ्याला तोंड द्यावे लागते. वेलीला हा खर्च नाही. दुसऱ्याच्या लाकडावर ती उंची मिळवते आणि वाचलेली सगळी ताकद पाने व शेंडे वाढवण्यात घालते. शेंड्यावर पोहोचली की तिच्या पानांचा थर झाडाच्या पानांवर पसरतो. खालच्या पानांना ऊन मिळत नाही, झाडाचे अन्न तुटते, फुले-फळे कमी होतात, फांद्या वाळतात आणि ओल्या वेलीच्या भाराने मोडतात. मोठे झाड काही वर्षे तग धरते. लहान रोप पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच संपते. खरे नुकसान इथेच आहे. जंगल उद्याही उभे राहील की नाही, हे आजच्या रोपांवर ठरते. रोपेच गुदमरली तर वरचे जुने वृक्ष पडेपर्यंत जंगल असल्याचा भास टिकतो आणि मागे वेलीची गादी उरते. मिकानियाची मुळे मातीत अशी द्रव्ये सोडतात की शेजारच्या वनस्पतींची उगवण मंदावते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या जनुकीय आराखड्याच्या अभ्यासातून आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. तिचे हिरवे खोडही अन्न तयार करते आणि रात्रीही कार्बन डायऑक्साइड शोषून ठेवते; शिवाय मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांमुळे तिला नत्र भरपूर मिळत राहते. ती झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातली आहे. बिया केसाळ आणि इतक्या हलक्या की वाऱ्यावर दूर जातात. कपडे, जनावरांची कातडी, वाहने यांनाही चिकटतात. आणि बी नसले तरी चालते. खोडाच्या प्रत्येक पेरातून मूळ फुटते, त्यामुळे जमिनीवर पडलेला एक तुकडाही नवी वेल होतो.

अशी वनस्पती आपल्याकडे आली कशी? ईशान्य भारतात दुसऱ्या महायुद्धात विमानतळ झाकण्यासाठी ती लावली, अशी कथा सांगितली जाते. चहाच्या मळ्यांत जमीन झाकणारी वनस्पती म्हणूनही तिचा वापर झाला. दोन्हींचा अर्थ एकच: लवकर पसरते हा तिचा गुण समजूनच माणसाने तिला जवळ केले. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आहे. कुडझू ही पूर्व आशियातील वेल १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात शोभेची म्हणून दाखवली गेली. पुढे कापसाच्या शेतीने दक्षिणेतली माती धुपून गेली, धुळीच्या वादळांनी देश हादरला आणि १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मृद्संधारण सेवेने कुडझूला तारणहार ठरवले. सरकारी रोपवाटिकांनी तिची सुमारे साडेआठ कोटी रोपे तयार केली आणि लावणाऱ्या शेतकऱ्याला एकरी आठ डॉलरपर्यंत अनुदान मिळू लागले. १९५३ मध्ये कृषी खात्याने तिला शिफारस केलेल्या वनस्पतींच्या यादीतून काढले, १९७० मध्ये तण ठरवले आणि १९९८ मध्ये ती संघराज्याच्या घातक तणांच्या यादीत गेली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. माती वाहून जात होती आणि उपाय ताबडतोब हवा होता. पण भराभर वाढणाऱ्या वनस्पतीला थांबवणार कोण, हा प्रश्न लावताना कुणी विचारला नाही. वनीकरणाच्या उद्दिष्टांसाठी जलद वाढणाऱ्या झाडांची निवड करणाऱ्या आपल्या यंत्रणेलाही तो प्रश्न लागू आहे.

कुडझूच्या गोष्टीचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो आणि माझ्या मुद्द्यासाठी तो अधिक महत्त्वाचा आहे. ही वेल नव्वद लाख एकरांवर पसरल्याचे आकडे अनेक वर्षे छापले गेले. निसर्गलेखक बिल फिंच यांनी २०१५ मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात दाखवून दिले की अमेरिकी वनसेवेच्या पाहणीनुसार जंगलातले कुडझूचे क्षेत्र सव्वादोन लाख एकरांच्या आसपास आहे. त्याच पाहणीत कुंपणासाठी आणलेले प्रिव्हेट हे झुडूप सुमारे बत्तीस लाख एकरांवर आढळले, म्हणजे कुडझूच्या चौदापट. मग साऱ्या देशाला कुडझूच का दिसत राहिली? कारण ती महामार्गाच्या कडेला होती. तिला ऊन हवे आणि रस्त्याने कापलेल्या जंगलाची कड तिला ते ऊन देते. गाडीतून जाणाऱ्याला हिरव्या भिंती दिसतात आणि आतले सारे जंगल तसेच असेल असे त्याला वाटते. दाट छताखाली कुडझूचा जोर ओसरतो. मिकानियाचेही तसेच आहे. गडद सावलीत तिचे बी नीट रुजत नाही आणि रुजले तरी जोम धरत नाही. छत फाटले की तीच वेल वर्ष-दोन वर्षांत मोकळी जागा झाकून टाकते.

हे केवळ परदेशी वेलींपुरते खरे असते तर मी कडेवर एवढा भर दिला नसता. ब्राझीलमध्ये मानाउस शहराच्या उत्तरेला १९७९ पासून एक मोठा प्रयोग चालू आहे. जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने तिथे गुरांच्या कुरणांसाठी तुटणाऱ्या जंगलात वेगवेगळ्या आकाराचे तुकडे मुद्दाम राखले गेले आणि पुढे काय होते याची दशकानुदशके मोजदाद झाली. तुकड्यांच्या कडेला पहिल्या शंभरेक मीटरमध्ये मोठी झाडे मरण्याचे प्रमाण वाढले आणि तिथेच वेलींची गर्दी झाली. या वेली परक्या नव्हत्या. त्याच जंगलात युगानुयुगे नांदत आलेल्या होत्या. बदलली होती ती जागा: ऊन वाढले, वारा वाढला, झाडे उन्मळली आणि जी वेल आत मर्यादेत राहत होती ती कडेवर उच्छाद मांडू लागली. तिथल्याच वेलीचे असे होत असेल तर जिचे किडे आणि रोग हजारो मैल मागे राहिले आहेत, त्या परक्या वेलीला उघडी कड म्हणजे आमंत्रणच आहे. यावरून एक साधा हिशेब निघतो. जंगलाचे क्षेत्र तेवढेच ठेवून त्याचे तुकडे वाढवले की कडेची लांबी वाढते. म्हणून एखाद्या प्रकल्पासाठी किती झाडे तुटणार, एवढेच विचारणे अपुरे आहे. किती किलोमीटर नवी कड तयार होणार, हेही विचारले पाहिजे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो चितवनमधूनच येतो. तिथले बरेचसे रान पूरमैदानातले आहे. राप्ती आणि नारायणी या नद्या दर पावसाळ्यात काठ खातात, गाळ टाकतात, गवताळ पट्टे उघडे करतात. ही कड नदीने केलेली आहे, माणसाने नाही. आणि गेंड्याला ती हवीच असते. मिकानिया पूर्व नेपाळमध्ये १९६० च्या दशकात नोंदली गेली आणि पुढे पश्चिमेकडे सरकत चितवनमध्ये पोहोचली. एका मोठ्या पाहणीत उद्यानातल्या तपासलेल्या अधिवासापैकी सुमारे ४४ टक्के जागी ती आढळली आणि जवळपास १५ टक्के जागी तिचे आच्छादन निम्म्याहून अधिक होते. तेव्हा छत मिटवा हा उपाय सगळीकडे लागू नाही, हे मान्यच केले पाहिजे. गवताळ रान, पाणथळ आणि नदीकाठ इथे वेल थेट काढावी लागेल आणि तिचा नैसर्गिक शत्रू आणण्याचा विचारही करावा लागेल. तरीही चितवनमध्ये माणसाचा हात दिसतोच. काठावरच्या रानात वारंवार लावलेल्या आगी, सरपण व चारा तोडीने विरळ झालेली वनराई आणि चाऱ्याच्या भाऱ्यांबरोबर फिरणारे वेलीचे तुकडे यांनी तिचा प्रसार सोपा केला. कुणी म्हणेल की गेंडे तर वाढले आहेत: २०२१ च्या गणनेत नेपाळमध्ये ७५२ एकशिंगी गेंडे होते आणि त्यांतले ६९४ एकट्या चितवनमध्ये. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण या आकड्याचे मोठे श्रेय शिकारीवर बसवलेल्या वचकाला जाते. गेंडे वाढत असताना त्यांचे चाऱ्याचे रान वेलीखाली जात असेल तर तो आकडा धीर देणारा राहत नाही. वाढलेले गेंडे उद्या खातील काय, हा प्रश्न तो अधिक तातडीचा करतो.

आता कापण्याच्या कामाकडे वळू. मिकानिया एकदा कोयत्याने छाटली तर मुळातून पुन्हा फुटते आणि छाटलेले तुकडे पावसाळी जमिनीवर पडले तर त्यांच्या पेरांतून नव्या वेली उभ्या राहतात. चुकीच्या वेळी केलेली सफाई ही प्रत्यक्षात लागवड ठरते. भारतात तिला पावसाळा सरता सरता फुले येऊ लागतात आणि हिवाळ्यात बी उडते. म्हणजे काम व्हायला हवे ते फुलोऱ्याच्या आधी, मुळासकट, आणि काढलेली वेल जमिनीपासून वर टांगून पूर्ण वाळवायला हवी. त्यानंतर उरलेल्या फुटव्यांसाठी त्याच जागी त्याच वर्षी पुन्हा जायला हवे आणि पुढची काही वर्षे जात राहायला हवे. सरकारी खर्चाचे वेळापत्रक याच्या नेमके उलटे चालते. निधीची मंजुरी, निविदा आणि कामाचे आदेश यांत पावसाळा निघून जातो आणि मार्चअखेर जवळ आली की कामाला वेग येतो. तोवर बी वाऱ्यावर गेलेले असते. कंत्राटाचे मोजमापही हेक्टरमध्ये होते: इतके हेक्टर साफ केले, इतके बिल. दोन वर्षांनी तिथे काय उगवले आहे, याचा त्या बिलाशी संबंध नसतो. दोष राबणाऱ्या मजुरांचा नाही आणि स्थानिक वनरक्षकाचाही नाही. जैविक प्रक्रियेला लेखाशीर्षाच्या चौकटीत कोंबण्याच्या पद्धतीचा तो दोष आहे. तणनाशक फवारून ही अडचण सुटेल असे ज्यांना वाटते त्यांनी लक्षात घ्यावे की वेल ज्या रोपांना मिठी मारून असते, त्याच रोपांवर ते औषध पडते. आणि त्या रानातून भाजी, कंद, मध गोळा करणाऱ्या माणसांच्या पोटातही ते जाऊ शकते.

मग पर्याय काय, याचे उत्तर आपल्याच देशात एका वेगळ्या तणाबाबत शोधले गेले आहे. महाराष्ट्राला चांगलीच परिचित असलेली घाणेरी ही वेल नव्हे, काटेरी झुडूप आहे. पण उपटले की पुन्हा फुटणे हा तिचाही स्वभाव. दिल्ली विद्यापीठातील पर्यावरणशास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वेगळी रीत वापरली. झुडूप जमिनीखाली मुळाच्या मुख्य भागाजवळ तोडायचे, ते उलटे ठेवून वाळवायचे, पक्षी बसतात अशा झाडांखाली पुन्हा उगवणारी रोपे काढत राहायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच स्थानिक गवत व बांबू आणायचे. या रीतीतला शेवटचा टप्पा हा खरा उपाय आहे. जमीन मोकळी राहिली की तिच्यावर कोणीतरी येणारच. कोण यावे हे आपण ठरवले नाही तर सर्वांत चपळ वनस्पती ते ठरवते. मेळघाट-ताडोबासारख्या ठिकाणी तण काढल्यावर गवती कुरणे उभी करण्याच्या कामामागेही हेच तत्त्व आहे. वेलीबाबत ते असे लागू करता येईल: जिथे मूळचे रान दाट होते तिथे कडेवर त्याच परिसरातली लवकर सावली धरणारी स्थानिक झाडे-झुडपे दाट लावायची, छत मिटेपर्यंत त्यांच्याभोवतीची वेल काढत राहायची आणि मग सावलीला तिचे काम करू द्यायचे. सावलीला मजुरी लागत नाही, निविदा लागत नाही आणि ती मार्चअखेर संपत नाही.

इथे एक वैचारिक आक्षेप घेतला जातो आणि त्यालाही उत्तर दिले पाहिजे. मिरची, बटाटा, काजू, पेरू हे सगळे बाहेरून आले. मग एका वेलीला परकी म्हणून हिणवणे हा संकुचितपणा नाही का? मूळ गाव कोणते यावरून वनस्पतीला दोषी ठरवणे चुकीचेच आहे. मिरची शेतात राहते, माणसाने लावली तर उगवते, रान गिळत नाही. कसोटी मुळाची नाही, वागणुकीची आहे. शिवाय हा व्यवहार एकतर्फीही नाही. आपल्याकडे बागेत कौतुकाने लावली जाणारी, उत्तर भारतातल्या रानातली निळ्या फुलांची थनबर्जिया ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या वर्षावनांच्या कडांवर उपद्रव ठरली आहे. भारतासह आशियात सहज आढळणारे एक वेलनेचे अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या पाणथळीत वृक्षबेटे झाकून टाकते आणि जमिनीवरची आग त्याच्या वाळक्या जाळ्यावरून थेट शेंड्यापर्यंत पोहोचते. आमच्या घरी निरुपद्रवी असलेली वनस्पती दुसऱ्याच्या घरी विध्वंसक होते. उलट, वेल म्हणजे वाईट असाही सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. सह्याद्रीतल्या देवरायांमध्ये माणसाच्या मांडीएवढ्या खोडाची गारंबी शेकडो फूट पसरते. गुळवेल, शिकेकाई, पळसवेल, खाजकुइली या जंगलाच्या संसारातल्याच आहेत. फुलपाखरांच्या अळ्या त्यांच्यावर वाढतात, पक्ष्यांना फळे मिळतात, झाडांवर राहणाऱ्या प्राण्यांना एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जायला वाट मिळते. सफाईच्या उत्साहात मजुरांच्या हातात कोयते देऊन सगळ्याच वेली तोडायला लावणे म्हणजे जंगलाचेच अवयव तोडणे आहे. कोणती वेल काढायची आणि कोणती राखायची हे ओळखणारी माणसे गावातच असतात. त्यांना मजूर म्हणून बोलावले जाते. जाणकार म्हणून बोलावले पाहिजे.

दुसरा आक्षेप उपयोगितेचा आहे. वेल एवढी वाढते तर तिचा चारा करा, खत करा, औषध करा. लोकांना रोजगार मिळेल आणि रानही साफ होईल. केरळात उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई पडली की काही ठिकाणी गुरांना ही वेल घातली जाते; पण तिच्यामुळे गुरांच्या यकृतावर परिणाम होत असल्याची चिंताही आहे. कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवरच्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काठ्यांपासून फर्निचर आणि हत्तींच्या भव्य प्रतिकृती बनवल्या. ते काम सुंदर आहे आणि त्यातून घरे चालतात. अशा कामाला माझा विरोध नाही. मात्र त्यावर धोरण उभे करणे धोक्याचे आहे. बाजार उभा राहिला की माल संपू नये ही त्याची गरज बनते. ज्याचे पोट वेलीवर आहे त्याने ती नाहीशी होण्याची इच्छा कशी धरावी? आणि मिकानियाच्या बाबतीत तर वाहतूक हाच प्रसार आहे: भाऱ्यातून गळलेला प्रत्येक हिरवा पेर नव्या गावात रुजू शकतो. म्हणून काढलेल्या वेलीचा तिथल्या तिथे वाळवून उपयोग झाला तर चांगलेच. पण रोजगार हवा असेल तर तो वेल टिकण्यावर न बांधता रान परत येण्यावर बांधला पाहिजे. स्थानिक झाडांच्या रोपवाटिका, कडेची लागवड आणि तिची पाच-सात वर्षांची निगा यांत दरवर्षी काम आहे आणि ते काम यशस्वी झाले म्हणून कुणाचे नुकसान होत नाही.

तिसरा मार्ग नैसर्गिक शत्रूचा आहे आणि त्याबद्दल भीती आणि भाबडेपणा दोन्ही टाळायला हवेत. मिकानियाच्या मूळ प्रदेशात तिच्यावर एक तांबेरा पडतो. तो फक्त तिच्यावर आणि तिच्या अगदी जवळच्या आप्तांवरच वाढतो, हे तपासून त्रिनिदादहून आणलेली ही बुरशी २००५ मध्ये आसामात आणि २००६ मध्ये केरळात सोडली गेली. ती इथे टिकली नाही. तैवान आणि पापुआ न्यू गिनीमध्ये मात्र तीच बुरशी रुजली आणि पसरली. एका प्रयत्नात अपयश आले म्हणून दार बंद करणे योग्य नाही. क्वीन्सलंडमध्ये मादागास्करहून आलेल्या रबर-वेलीवर १९९० च्या दशकात सोडलेल्या तांबेऱ्याने तिचा जोर मोठ्या प्रमाणावर मोडला आहे. बाहेरच्यावर बाहेरचाच उतारा आणण्यात जोखीम आहे, हे खरे. १९३५ मध्ये उसावरच्या किडीसाठी क्वीन्सलंडनेच आणलेले भेक पुढे स्वतःच संकट झाले. पण ते भेक मिळेल ते खाणारे होते आणि त्यांची आजच्यासारखी चाचणी झाली नव्हती. आपल्याकडे गाजरगवतावर १९८४ मध्ये बंगळुरूजवळ सोडलेले मेक्सिकन भुंगे मराठी शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत. काही वर्षांनी ते सूर्यफुलावर दिसले तेव्हा मोठी खळबळ उडाली, चौकशी झाली आणि सूर्यफुलाला त्यांचा धोका नसल्याचे स्पष्ट झाले. भुंग्यांनी गाजरगवत संपवले नाही, त्याला मर्यादा घातली. तांबेऱ्याकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवावी. तो वेलीचा वेग कमी करील. मोकळी झालेली जागा भरून काढणे आपल्यालाच करावे लागेल.

हे सारे महाराष्ट्राने आत्ताच का ऐकावे? मिकानियाला हवे ते सगळे कोकणात आहे: भरपूर पाऊस, दमट हवा आणि वेगाने उघडे होणारे डोंगर. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात गेल्या काही दशकांत नैसर्गिक रान तोडून रबराच्या लागवडी झाल्या आणि त्यांतल्या अनेक केरळातून आलेल्या बागायतदारांनी केल्या. रोपे, माती आणि यंत्रे यांची ये-जा जिथे एवढी आहे, तिथे रोपाच्या पिशवीतून वेलीचा पेर येणे अवघड नाही. लागून तिळारीचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि गोव्यातले जंगल आहे. मिकानियाच्याच कुळातली रानमोडी कोकणाच्या वरकस जमिनींवर आणि रस्त्यांच्या कडांवर कशी पसरली, हे आपण पाहिले आहे. तिच्या बाबतीत सुरुवातीची वर्षे हातची गेली. परकी वनस्पती काही ठिकाणीच असते तेव्हा ती काढायला दहा-वीस माणसे पुरतात. तालुक्यात पसरली की खात्याचा अर्थसंकल्पही पुरत नाही. म्हणून कोकण, कोल्हापूर आणि गोव्याच्या सीमेवरच्या गावांतील जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना या वेलीची ओळख आधी करून द्यावी, दिसल्याबरोबर कळवण्याची सोय असावी आणि कळवल्यावर काही दिवसांत ती मुळासकट काढणारे पथक असावे. बाहेरून येणारी रोपे विकणाऱ्या रोपवाटिकांच्या तपासणीशिवाय हे पुरे होणार नाही.

कायद्याचा आधार आता उपलब्ध आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची व्याख्या प्रथमच केली आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. त्याच वर्षी मॉन्ट्रियल येथे ठरलेल्या जागतिक जैवविविधता आराखड्यात अशा प्रजातींचा नव्याने शिरकाव २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने मान्य केले. आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाच्या २०२३ च्या अहवालाने या प्रजातींमुळे होणारे नुकसान वर्षाला ४२३ अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले. हे उद्दिष्ट खरोखर गाठायचे असेल तर राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात. जंगलातून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या, वीजवाहिनीच्या आणि खाणीच्या मंजुरीत नव्या कडेची लांबी नोंदवली जावी आणि ती कड स्थानिक झाडांनी मिटवून दहा वर्षे तणमुक्त राखण्याचा खर्च प्रकल्पाच्या माथी टाकावा. तण काढण्याच्या निधीचे चक्र पावसाळ्याच्या आधी सुरू व्हावे आणि देयकाचा मोठा हिस्सा तीन वर्षांनंतरच्या पाहणीवर, म्हणजे तिथे स्थानिक रोपे उभी आहेत की नाही यावर, अवलंबून ठेवावा. आणि हे काम कंत्राटदाराऐवजी ज्यांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत त्या ग्रामसभांकडे द्यावे, कारण दरवर्षी त्याच जागी परत जाणारे तेच आहेत. या तीन गोष्टींना पैसा लागेल, पण दर हंगामात तीच वेल पुन्हा कापण्यापेक्षा कमी. वेलीविरुद्धची मोहीम वर्तमानपत्रात छायाचित्र देते. जंगल देते ती मिटलेली कड. सरकारने आपले यश कापलेल्या हेक्टरांत मोजणे थांबवावे आणि परत आलेल्या सावलीत मोजायला सुरुवात करावी.